नस्तीतलं रिव्हॉल्व्हर

आपल्याकडे रिव्हॉल्व्हर मिळवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत अर्ज, फोटो, दाखले, जबाब, हमीपत्रं, प्रशिक्षण आणि शेवटी साहेबांची सही लागते. दुसऱ्या तऱ्हेत नुसते पैसे लागतात, आणि ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ अशी चार ओळींची बातमी आतल्या पानावर येते. नियम सगळे पहिल्या तऱ्हेच्या माणसासाठी आहेत, कारण दुसऱ्या तऱ्हेचा माणूस अर्ज घेऊन कधी खिडकीवर येतच नाही. जो येतो त्याच्यावरच सरकारला आपली सगळी हौस भागवून घ्यावी लागते.

आमचे शेजारी शेठ पहिल्या तऱ्हेतले. जिल्ह्याच्या गावी वडिलार्जित सराफी पेढी. मुंबईला झवेरी बाजारातून माल आणायचा तर एक मळकी कापडी पिशवी, वर चार गिलकी आणि खाली सोनं, ही त्यांची सुरक्षाव्यवस्था. ती वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. मग एकदा शेजारच्या तालुक्यातल्या सराफाला हमरस्त्यावर गाडी आडवी घालून लुटलं, आणि वहिनींनी जेवताना विषय काढला.

“तुम्ही एक ते घेऊनच टाका.”

“ते म्हणजे काय?”

“ते हो, सिनेमात पोलिसांकडं असतं ते.”

शेठ ताटावरून उठून थेट माझ्याकडं आले. “मास्तर, सरकारी कागदांचा तुम्हाला सराव आहे. अर्ज तेवढा तुम्ही बघा.” मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब किलोग्रॅमपर्यंत जुळवलेला माणूस. त्यापुढं रिव्हॉल्व्हर म्हणजे काय, असं मला वाटलं.

आधी कायदा वाचायचा, ही मास्तरांची खोड. हिंदुस्थानात हत्यारांवर पहिला खरा करकचून कायदा आला तो १८७८ साली, लिटनसाहेबांच्या अमदानीत. त्यात हिंदी माणसाला परवाना लागे आणि गोऱ्याला सूट असे. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतूनही याबद्दल तक्रारीचा ठराव झालेला आहे. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली आपण आपला स्वतःचा शस्त्र कायदा केला आणि तो अन्याय दूर केला. आता परवाना सगळ्यांनाच लागतो. १९६२चे नियम जाऊन २०१६ साली नवे आले, तेही मी वाचले. त्या नियमांनी तर छऱ्याच्या बंदुकीलाही सोडलेलं नाही. वीस ज्यूलच्या वर तिचा जोर गेला, की परवाना. मी विज्ञान शिकवायचो, पण ज्यूलचा असा व्यावहारिक उपयोग मी मुलांना कधी सांगितला नव्हता.

कलम १४ वाचताना मात्र कायदा करणाऱ्यांबद्दल मला माया वाटली. अर्जदाराकडं पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. गरिबालाही पिस्तूल! समाजवाद याहून पुढं काय जाणार? कलेक्टर कचेरीतल्या गृह शाखेच्या टेबलापाशी मी ते कलम उत्साहानं वाचून दाखवलं. कारकुनानं चष्मा काढून, पुसून, पूर्ण ऐकून घेतलं.

“अगदी बरोबर आहे, गुरुजी,” तो म्हणाला. “सातबारा आणलाय का? आणि तीन वर्षांची इन्कम टॅक्सची रिटर्नं?”

अर्जाचा नमुना ए-१. त्यात वडिलांच्या नावापासून पूर्वी कधी अर्ज फेटाळला गेला होता का इथपर्यंत सगळं विचारतात. सोबत चार फोटो, आणि ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले. आमच्या गावातल्या फोटो स्टुडिओत पडदा एकच, तो निळा. गावातल्या तीन पिढ्या त्याच्यापुढं बसून गेल्या. शेठचा अर्ज त्या निळ्या रंगासाठी त्रुटी लावून परत आला. मग वहिनींनी पलंगावरची पांढरी चादर भिंतीला धरली, मी मोबाइलवर फोटो काढला आणि त्रुटीची पूर्तता झाली. चादरीची एक घडी शेठच्या कानामागून वर गेलेली दिसते, पण घडीबद्दल नियमात काही नाही.

यानंतर मुद्द्याचा प्रश्न आला.

“शेठ, तुमच्या जिवाला धोका कोणाकडून?”

“चोरांकडून.”

“कोणत्या?”

“जे येतील त्यांच्याकडून.”

“नाव-पत्ता सांगता येत नाही म्हणजे मोघम झालं. कधी धमकी आलीय? एनसी, एफआयआर काही?”

“देवदयेनं अजून काही नाही.”

“मग धोका आहे हे कशावरून धरायचं?”

शेठ गप्प झाले. मी मध्ये पडलो. “समजा, एखादी एनसी असती तर?”

“तर मग वाद आहेत असं दिसतं,” कारकून म्हणाला. “वाद असलेल्या माणसाच्या हातात हत्यार कसं द्यायचं, गुरुजी? उद्या काही झालं तर आम्हालाच विचारतील.”

त्याचंही चुकत नव्हतं. म्हणजे परवान्याला खरा लायक माणूस कोण, तर ज्याला लुटलंय पण जो हबकलेला नाही, ज्याला धमकी आलीय पण ज्याचं कोणाशी भांडण नाही, ज्याला हत्यार हवंय पण ते वापरायची ज्याच्या मनात अजिबात इच्छा नाही. असा माणूस आमच्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो कलेक्टर कचेरीच्या दारावर पट्टेवाला होता. तरी धंद्यामुळं ज्यांना जोखीम आहे त्यांचाही विचार करावा, असं २०१६च्या नियमांत म्हटलेलं मी दाखवल्यावर अर्ज बारनिशीत गेला आणि त्याला आवक क्रमांक पडला. शेठनी त्या क्रमांकाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

पोलिसांनी आपला अहवाल तीस दिवसांत द्यावा असा नियम आहे. नियम करणाऱ्यांनी त्या तीस दिवसांत गणपती, नवरात्र, मोहरम, मंत्र्यांचा दौरा आणि दूध संघाची निवडणूक धरलेली नव्हती. ती सगळी पार पडल्यावर एके सकाळी ठाण्यातून चौकशीला हवालदार आले. खुर्ची घेतली, पोहे घेतले, मग आळीतल्या लोकांचे जबाब घ्यायला लागले. चारित्र्य पडताळणी म्हणजे काय, हे त्या दिवशी मी जवळून पाहिलं. माणसानं साठ वर्षं ज्यांच्याशी गोड वागून काढली त्या सगळ्यांना सरकार एकाच दिवशी विचारतं, “हा माणूस कसा आहे?” आणि लोक खरं सांगतात.

समोरच्या आजी म्हणाल्या, “स्वभावानं चांगलाय, पण माझं गहाण मंगळसूत्र सोडवताना व्याज एका पैशानं कमी केलं नाही.” वाण्यानं सांगितलं, “तापट नाहीत. एकदाच पतंगाच्या मांज्यावरून ओरडले होते, ते १९८६ साली.” हवालदार सगळं लिहून घेत होते. मांज्याच्या ठिकाणी पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“गुरुजी, तुमची भिंत लागून आहे. तुमची काही हरकत?”

इथं मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की मी परवान्याच्या बाजूचा माणूस आहे. चांगला कडक परवाना हवा. माझ्या आणि शेठच्या पलंगांमध्ये साडेचार इंचांची विटेची भिंत आहे आणि रात्री शेठ झोपेत बडबडतात, हेही मला माहीत आहे. हवालदारांनी ‘हे गृहस्थ झोपेत काय बोलतात?’ असं विचारलं असतं तर मी सविस्तर सांगितलं असतं. पण त्यांच्या छापील नमुन्यात तो रकानाच नव्हता. त्यांनी ‘हरकत नाही’ लिहिलं, मी सही केली.

पुढचा मुक्काम सरकारी दवाखाना. प्रकृती ठीक आहे, डोकं ठिकाणावर आहे आणि कसलं व्यसन नाही, असा दाखला लागतो. कागदाला कागद लागतो म्हणून आधी केसपेपर, त्यासाठी एक रांग; मग तपासणी, त्यासाठी दुसरी; मग मानसोपचाराचे डॉक्टर, जे आठवड्यातून ठरावीक वारीच येतात. खोलीत फॅन बंद होता. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, आणि त्यांच्यासमोर परवान्याची माणसं आणि खरे आजारी एकाच रांगेत बसलेले होते.

“राग येतो का?” त्यांनी विचारलं.

“कधी?”

“एरवी.”

“एरवी नाही येत. या अर्जापासून यायला लागलाय.”

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली, हसले, आणि सही केली. अख्ख्या प्रकरणात शेठकडं माणूस म्हणून पाहणारे ते एकटेच भेटले.

प्रशिक्षणाचा दाखलाही आणावा लागतो. हत्यार कसं धरायचं, कसं रिकामं करायचं, कसं जपून ठेवायचं, हे शिकून आल्याशिवाय परवाना नाही. ही अट मला मनापासून पटली, आणि शेठला त्याहून पटली, कारण तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा गेला. कोल्हापूरनं देशाला राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिलेत. राष्ट्रीय रायफल संघटना काढली तीही लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांनी, १९५१ साली. पुढं लोकसभेत काय काय ऐकून घ्यावं लागणार आहे, याचा त्यांना अंदाज आला असावा. या परंपरेत शेठनी आपली भर घातली. कानाला कर्णरक्षक, नाकावर हिरे पारखायचं भिंग बसवलेला चष्मा चुकून आलेला, अशा थाटात त्यांनी गोळ्या झाडल्या. एकही शेजारच्या लक्ष्याला लागली नाही म्हणून प्रशिक्षकांनी पाठ थोपटली.

परवाना आला. त्या दिवशी पेढे वाटले गेले. आणि वहिनींनी तो देव्हाऱ्यात ठेवताना उघडून वाचला, म्हणून बरं झालं.

“अहो, इथं ‘क्षेत्र’ म्हणून आपला एकटा जिल्हाच लिहिलाय.”

हत्यार कुठल्या हद्दीत बाळगायचं ते परवान्यावर लिहिलेलं असतं. शेठना धोका मुंबईच्या वाटेवर, आणि परवाना जिल्ह्याच्या वेशीपर्यंत. पुढची हद्द वाढवून हवी तर वेगळा अर्ज. शेठनी त्या अर्जाचं नाव काढलं नाही. तेव्हापासून त्यांची व्यवस्था अशी, की माल आणायला ते गिलक्यांची पिशवी घेऊन जातात आणि रिव्हॉल्व्हर घरी सुरक्षित राहतं.

पण ते नंतरचं. आधी ते विकत तर घ्यायला हवं. परदेशी हत्यारांची खासगी आयात आपल्याकडं ऐंशीच्या दशकापासूनच बंद. त्यामुळं आजोबांच्या काळातली विलायती वेब्ली आज जुन्या बाजारात लाखांत जाते आणि नव्यात बहुतेकांची धाव सरकारी आयुध कारखान्याच्या पॉइंट थर्टी-टू बोअरपर्यंत. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ साली खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि ते दागिन्यांच्या लाल डबीत घालून द्यायचे. शेठनी डबीचा फोटो बारकाईनं पाहिला आणि म्हणाले, “मखमल हलकी आहे. या पैशात चार तोळे येतात, आणि आपण डबी फुकट देतो.” त्यांनी साधंच घेतलं. त्यावर २८ टक्के जीएसटी भरला तेव्हा ते कळवळले होते, पण २०२५च्या सप्टेंबरात दर बदलले आणि रिव्हॉल्व्हर ४० टक्क्यांत गेलं, गोड सोडावॉटर, खासगी विमानं आणि यॉटींच्या पंक्तीला. “आपण स्वस्तात सुटलो,” असं ते तेव्हापासून म्हणतात. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असतात. ती खडकीच्या कारखान्याची, हे कळल्यावर वहिनींना बरं वाटलं. त्यांचं माहेर दापोडीचं.

आता या कडकपणाबद्दल माझं एक निरीक्षण आहे. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा सुरू झाली. एकट्या जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने निघाले. कमरेला पिस्तूल लावून, हवेत बार काढून केलेले व्हिडिओ निघाले. मग प्रशासनानं शंभरावर परवाने रद्द केले. ते वाचताना मला सारखा शेठचा निळा पडदा आठवत होता. हेही सगळे याच खिडक्यांवरून गेले असणार. त्यांचेही जबाब झाले असतील, दाखले लागले असतील, हमीपत्रं भरली असतील. आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाचे चारही फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चाळणी बारीक होती हे खरं, पण ती कागद चाळत होती. माणूस शेजारून गेला.

आणि हत्यार म्हणजे काय, याचाही कायद्याचा हिशेब वेगळा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा हत्यारात मोडतो. मात्र तो घरकामाचा किंवा शेतीचा असेल तर नाही. त्यामुळं वहिनींच्या फणस फोडायच्या कोयत्याला कोणी कधी चारित्र्य विचारलं नाही. पुण्यात कोयता घेऊन रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्यांना हे कलम तोंडपाठ असावं.

रिव्हॉल्व्हर घरी आल्यावर शेठच्या घराची घडीच बदलली. ते कुलपात ठेवण्याचं हमीपत्र दिलेलं, म्हणून लोखंडी कपाट आलं. कपाटाची किल्ली वहिनींकडं, काडतुसं दुसऱ्या खणात, त्या खणाची किल्ली शेठकडं, आणि शेठ किल्ली कुठं ठेवतात हे ते विसरतात. चोर आला तर त्याला आधी बसवावं लागेल, पाणी द्यावं लागेल. बरं, हत्यारच चोरीला गेलं तर? चोर राहील बाजूला, निष्काळजीपणाबद्दल चौकशी शेठची. या धास्तीनं घराला कॅमेरे बसले. लग्नाला, बारशाला दोघांनी एकदम जाणं बंद झालं; एकजण ‘त्या’च्यापाशी थांबतो. अष्टविनायक यात्रा रद्द झाली. घरातलं सोनं तर शेठनी आधीच बँकेच्या लॉकरमध्ये हलवलं. आज त्यांच्या घरात चोरण्याजोगी एकच वस्तू आहे.

शिवाय निवडणुका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. सरसकट सगळ्यांना तसं करू नका, छाननी समितीनं एकेकाचा विचार करावा, असं उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे, आणि छाननी होतेही. शेठच्या बाबतीत ती अशी होते, की नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पालिका, असं आपल्याकडं मतदान संपत कधीच नाही. एकदा हत्यार परत आणायला मी त्यांच्यासोबत ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत गेलो होतो. अर्ध्या खोलीत जप्तीच्या दारूचे कॅन, एक सायकल, कोणाचा तरी पितळी हंडा. भिंतीलगत बंदुका उभ्या, रिव्हॉल्व्हरं कापडी पिशव्यांत, आणि प्रत्येकाला लग्नातल्या आहेराच्या भांड्यासारखी सुतळीनं नावाची चिठ्ठी बांधलेली. शेठच्या चिठ्ठीवर पावसाचं पाणी पडून शाई पसरली होती. हवालदारांनी नंबर ताडून पाहिला, पिशवी सोडली, वास घेतला.

“गंज धरला नाही, शेठ. मी मधूनमधून तेल देतो.”

शेठना भरून आलं. खरोखर, त्या रिव्हॉल्व्हरला शेठच्या हातापेक्षा हवालदारांच्या हाताची सवय जास्त.

२०१९ साली तर गंमत झाली. विधानसभेची आचारसंहिता सप्टेंबरात लागली आणि दसरा आला ८ ऑक्टोबरला. घरात पहिल्यांदाच हत्यार असल्यानं शस्त्रपूजा थाटात करायचं वहिनींनी ठरवलं होतं, आणि हत्यार तर ठाण्यात. शेठ दुसरं काय करणार? पाटावर पांढरं कापड अंथरलं आणि त्यावर ठाण्याची पावती ठेवली. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. पावतीवरच्या शिक्क्याला कुंकू लागून तो पुसट झाला, आणि पुढं हत्यार परत घेताना ‘शिक्का वाचता येत नाही’ म्हणून प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं.

त्याच वर्षी डिसेंबरात कायदा दुरुस्त झाला. माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं, पण परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं. लग्नात, मिरवणुकीत हौसेनं बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मात्र झालं ते फार उत्तम झालं. नवरदेव घोड्यावर असताना त्याच्या मावसभावाला पराक्रम गाजवावासा वाटतो, आणि गोळी वर जाते ती कुठंतरी खाली येते, हे विज्ञान कोणी लक्षात घेत नाही. परवान्याचं हत्यार मालकाला तरी ओळखतं का? ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईत एका नामांकित नटाच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पहाटे त्याच्याच पायात शिरली. ही बातमी वाचून वहिनींनी कपाटाची किल्ली माझ्याकडं ठेवायला आणून दिली. मी ती घेतली नाही. परवान्यावर माझं नाव नाही आणि नियमात ते बसत नाही.

तिकडं कर्नाटकात कोडगूमध्ये आणखीच वेगळी रीत. कोडवा लोकांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, आणि सरकारनं ती २०२९पर्यंत वाढवून दिलेली आहे. मूल जन्मलं की बार, माणूस गेला की बार, आणि वर्षातून एकदा घरोघर बंदुकीची पूजा. प्रत्यक्ष बंदुकीची! शेठनी हे ऐकून मला दोनदा विचारलं, “पावतीची नाही ना?” सूट रायफल-बंदुकीला आहे, पिस्तुलाला नाही, असं सांगून मी त्यांचं सांत्वन केलं.

आता शेठना सत्तर वर्षं पूर्ण झाली. नियम असा, की परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झालं, की ते हयातीतच वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. उरलेल्या वारसांनी ना हरकत द्यायची. शेठना मोठा आनंद झाला. त्यांची दोन मुलं. थोरला पुण्यात आयटीत, धाकटा पेढीवर. गेली काही वर्षं दोघांत पेढीच्या वरच्या मजल्यावरून बोलणं बंद आहे. आंब्याच्या एका झाडावरून वकिलाची नोटीसही एकमेकांना गेलीय. रिव्हॉल्व्हरवरून काय होईल या काळजीनं शेठनी मला मध्यस्थ नेमलं.

मी दोघांनाही वेगवेगळं बोलावून सगळं समजावून सांगितलं. नमुना ए-१, सातबारा, चारित्र्य, दवाखाना, प्रशिक्षण, हद्द, कपाट, आचारसंहिता, हवालदार. थोरल्यानं शांतपणे ऐकून घेतलं. धाकट्यानं मध्येच एक दोन शंका विचारल्या. दोघंही समजूतदार मुलं, वाद म्हणून झाला नाही.

आठवड्याभरात गृह शाखेत दोन कागद पोचले. थोरल्यानं धाकट्याच्या नावानं ना हरकत दिली होती. धाकट्यानं थोरल्याच्या नावानं. दोन्ही नोटरी केलेल्या, दोन्हीवर पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो. कारकुनानं ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला.

“गुरुजी, पूर्तता चोख आहे,” तो म्हणाला. “अर्जदार कोण ते तेवढं सांगा.”